तीन महिन्यांची सरासरी

कागदाची घडी करून मी
टेपच्या डब्यात ठेवली.
आत लिहिलंय : नऊ पूर्णांक चार.
डॉक्टर बोरगावकरबाई म्हणाल्या,
हा आजचा आकडा नाही, काका,
ही तीन महिन्यांची सरासरी.
एक दिवस उपाशी येऊन हिला फसवता येत नाही.

म्हणजे कुणीतरी आत बसून
वही लिहीत होतं.

मी भोईवाड्यात ब्लाउज शिवतो.
जिन्याखालचं दुकान, दोन मशिनी, एक पंखा.
माप घेताना आकडा मोठ्यानं बोलत नाही,
बायकांना आवडत नाही ते.
खडूनं लिहितो, कापडाच्या उलट बाजूला.
आणि माझं माप
केईएमच्या बाकासमोर, रांग ऐकत असताना
वाचून दाखवलं.

तीन महिने. मागे जाऊन बघतो.
नवरात्राची घाई, रात्री दोनपर्यंत शिलाई,
तासातासाला अन्वरचा चहा,
साखर जरा चढती टाक रे, डोळा लागतोय.
तावडेबाईंचा मुलगा पास झाला, पेढा.
बॉक्समध्ये एकच उरला होता, तोही.
मग दिवाळीनंतर दादा गेला.
तेराव्याला बुंदीचे लाडू केले,
त्याला आवडायचे म्हणून.
मी तीन खाल्ले. चौथा मागच्या दारी, उभ्यानं,
त्याच्या वाटचा असल्यासारखा.
तोही धरला असणार हिशेबात.
सरासरीत दुःख वेगळं काढून दाखवत नाहीत.

घरात कुणाला आहे का, बाईंनी विचारलं.
दादानं कधी तपासलंच नव्हतं.
मी म्हटलं, माहीत नाही.

हेमलताला सांगायला चार दिवस लागले.
ती तांदूळ निवडत होती. निवडून पूर्ण केले,
डबा वरच्या फळीवर ठेवला,
मग खाली काढला, परत वर ठेवला.
माझ्या हातचं काय चुकलं हो, म्हणाली.
दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी थापली,
उलटताना तिचे तीन तुकडे झाले.
आम्ही राजापूरची भातखाऊ माणसं.
तुकडे जुळवून जेवलो.

पाष्टे म्हणाले, घाबरायचं काय त्यात,
मला वीस वर्षं आहे.
त्यांच्या डाव्या पायाला अंगठा नाही.
मी चपलेकडे बघणं टाळलं
आणि कारल्याच्या रसाची कृती
दोनदा लिहून घेतली.

संक्रांतीचे तिळगूळ
बटणांच्या बरणीत जमा होतायत.
गोड बोला, एवढंच ठेवून घेतो.
बोलणंही जमत नाही दर वेळी.
परवा एका गिऱ्हाइकावर ओरडलो,
काजाचं भोक अर्धा सूत चुकलं होतं,
चूक माझीच होती.

चाळीस वर्षं सुई टोचतेय, मोजलं नाही कधी.
रक्त आलं की बोट पटकन तोंडात,
कापडाला डाग पडू नये म्हणून.
गोड लागायचं का? आठवत नाही.
आता तोच थेंब पट्टीला द्यायचा
आणि पाच आकडे मोजेपर्यंत
श्वास धरून बसायचं.
मधलं बोट अंगुस्तानातलं, त्याला सूट.
आज सकाळी एकशे अडुसष्ट.
चिंधीवर खडूनं लिहिला. उलट बाजूला.

दुपारी अन्वरनं न विचारता
वेगळा ग्लास ठेवला.
कुणी सांगितलं, विचारलं, तर म्हणाला
चाचा, अख्ख्या गल्लीला माहीत आहे.
कडू नव्हता. कशासारखाच नव्हता.
अर्धा प्यायलो.

रोज तळवे बघा, बाई म्हणाल्या,
जखम झाली तर कळणार नाही तुम्हाला.
म्हणून शटर अर्धं ओढून
गिऱ्हाइकांचा आरसा जमिनीला टेकवतो.
स्वतःचे तळवे मी कधी पाहिले नव्हते.
पायडलनं टाच घासलेली,
करंगळीशी एक जुनी भेग.
हे पाय मी ओळखतो.
दादाला निजवलं होतं तेव्हा
मी त्याच्या पायथ्याशी बसलो होतो.

भेगेला तेल लावलं.
आधी डाव्या, मग उजव्या.